स्टील की ॲल्युमिनियम? डर्ट जंप सायकल घेण्याआधी सांधे बघायला शिका

कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या पश्चिम टोकाला, कुपर्टिनोला खेटून, कॅलाबाझास पार्कात मातीच्या उड्यांचं मैदान आहे. शनिवारी सकाळी तिथे गेलात तर मराठी कानावर पडल्याशिवाय राहत नाही. "आधी हेल्मेटचा पट्टा लाव", "पाणी पिऊन घे", "अरे, त्या ताईला जाऊ दे पुढे". माझी लेक पाच वर्षं तिथे उड्या मारते आहे. तिचं बघून दोन वर्षांनी मीही सुरू केलं. दोघींच्या सायकली घरी मीच उघडते आणि जोडते, त्यामुळे नव्याने येणारे आईबाप एक प्रश्न माझ्याकडे हमखास घेऊन येतात: फ्रेम स्टीलची घ्यावी की ॲल्युमिनियमची?

उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे. माझं मत आधीच सांगते. नवी, पूर्ण जोडलेली सायकल घेणार असाल तर ॲल्युमिनियमची घ्या, निर्धास्त घ्या. जुनी घेणार असाल तर क्रोमोली स्टीलची, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या स्टीलची शोधा. आणि काहीही घेतलंत तरी तिचे सांधे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला शिका. फ्रेम नळीच्या मधोमध सहसा मोडत नाही, मोडते ती सांध्यापाशी.

पहिली पायरी: सायकल डर्ट जंपचीच आहे ना, ते बघा

धातूचा विचार त्यानंतर. डर्ट जंपची सायकल लांबून ओळखता येते. चाकं 26 इंची, सीट जवळजवळ गुडघ्याच्या उंचीवर, गिअर एकच, ब्रेक बहुतेक वेळा फक्त मागचा. पुढे चाक धरणारा, 100 मिलिमीटर दबणारा कडक सस्पेन्शन फोर्क असतो, मागे सस्पेन्शन नसतं. मागचं चाक सीटच्या नळीला अगदी चिकटून असतं, कारण मागचा भाग आखूड असला की सायकल हवेत चटकन फिरवता येते. सीट खाली असते ती बसण्यासाठी नाहीच, ती वाटेत येऊ नये म्हणून.

बरेच पालक घरातली साधी माउंटन बाइकच घेऊन येतात. "हिलाही पुढे सस्पेन्शन आहे की." आहे, पण त्या फ्रेमवरचं छोटं स्टिकर किंवा सोबतचं पुस्तक उघडून बघा. पुष्कळशा साध्या हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेल्या) सायकली मानकं ठरवणाऱ्या एएसटीएम संस्थेच्या वर्गवारीत 3 क्रमांकात येतात, म्हणजे 61 सेंटिमीटरपर्यंतच्या उडीसाठी किंवा उतरणीसाठी. 4 क्रमांक असेल तर 122 सेंटिमीटर. कॅलाबाझासमधल्या मधल्या रांगेतल्या उडीवरून मूल नीट उडालं तर पहिली मर्यादा सहज ओलांडली जाते. तेव्हा स्टीलची की ॲल्युमिनियमची हा प्रश्न डर्ट जंपसाठीच बांधलेल्या दोन फ्रेम समोर असतील तेव्हाच विचारायचा.

दुसरी पायरी: उतरणार कुठे आणि कसे?

नवशिक्याने सुरुवात टेबलटॉपवर करावी. चढ, वर सपाट माती, मग उतार. कमी पडलात तर सपाटीवर उतरता. पुढे गॅप येतात, म्हणजे चढ आणि उतार यांच्यामध्ये खड्डा. तिथे कमी पडलात तर मागचं चाक किंवा पेडलखालचा भाग समोरच्या मातीच्या कडेवर आपटतो. इथली मुलं याला "केस झालं" म्हणतात.

नवशिक्यापेक्षा सराईत माणूस फ्रेमला जास्त त्रास देतो असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात उलटं असतं. सराईत माणूस कितीही उंच उडाला तरी उतारावर उताराच्याच दिशेने उतरतो; खाली येण्याचा वेग पुढच्या वेगात मिसळून जातो. नवशिका कमी उंच उडतो, पण सपाटीवर पडतो, कडेवर आपटतो, वाकड्या चाकाने उतरतो. पहिली दोन वर्षं फ्रेमसाठी सगळ्यात वाईट असतात. म्हणून "शिकाऊ आहे, कसलीही चालेल" हे मला मुळीच पटत नाही.

वजनही लक्षात घ्या. माझी लेक 45 किलोची आहे. तिच्याबरोबर येणाऱ्या एका मुलाचे वडील 90 किलोचे आहेत, आणि तेही आता शिकत आहेत. एकाच उडीवर दोघांच्या फ्रेमवर पडणारा भार सारखा नाही.

तिसरी पायरी: दोन्ही धातू समजून घ्या

इथे थोडं थांबते, कारण बाजारातल्या अर्ध्या समजुती इथेच तयार होतात.

स्टील ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड. एका घन सेंटिमीटरला 7.85 ग्रॅम, तर ॲल्युमिनियम 2.7. ताठपणातही स्टील साधारण तिप्पटच. म्हणजे तंतोतंत सारख्या मापाच्या दोन नळ्या घेतल्या, तर ॲल्युमिनियमची नळी एक तृतीयांश वजनाची आणि तितकीच कमी ताठ. मग ॲल्युमिनियमची सायकल एवढी कडक कशी लागते? गोम व्यासात आहे. पातळ भिंतीच्या नळीचा व्यास दुप्पट केला आणि भिंत निम्मी केली, तर वजन तेवढंच राहतं आणि ताठपणा चौपट होतो. स्टीलमध्ये हे फार ताणता येत नाही; भिंत इतकी पातळ होते की सायकल दगडावर कलंडली तरी पोचा पडतो. ॲल्युमिनियम मुळात हलकं, त्यामुळे भिंत पुरेशी जाड ठेवूनही नळी जाडजूड करता येते. म्हणून ॲल्युमिनियमच्या फ्रेम गुबगुबीत दिसतात आणि स्टीलच्या सडपातळ.

डर्ट जंपच्या फ्रेममध्ये वजनाचा फरक साधारण अर्ध्या किलोचा पडतो. बारा-तेरा किलोच्या सायकलवर तो कळतो, पण दोन जाड टायर बदलूनही तेवढाच फरक पडू शकतो. नुसत्या वजनासाठी धातू निवडू नका.

हा वाद इथल्या मातीतलाच आहे, हेही सांगायला हवं. आमच्यापासून दीड-दोन तासांवर मरीन काउंटीत जो ब्रीझ यांनी 1977 साली क्रोमोलीच्या नळ्या जोडून खास डोंगरासाठी फ्रेम बांधली. त्यांची पहिली सायकल आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे. दोनच वर्षांनी, 1979 मध्ये, त्याच परिसरात चार्ली कनिंगहॅम यांनी जाड नळ्यांची ॲल्युमिनियमची माउंटन बाइक बांधली. दोन्ही सायकली एकाच डोंगरावरून उतरल्या. कुठलाच धातू दुसऱ्यापुढे कच्चा नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

आता थकवा. धातूचा थकवा हा शब्द जड वाटतो, पण अनुभव प्रत्येकाचा आहे: लोखंडी तार तोडायला पक्कड नसली की आपण ती एकाच जागी पुढेमागे वाकवत राहतो, आणि थोड्या वेळाने ती तुटते. एकदा वाकवून तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवून तुटते. फ्रेमचंही तसंच, फक्त तिथलं वाकणं डोळ्यांना दिसत नाही. स्टीलला एक उंबरठा असतो. भार त्याच्या खाली राहिला तर लाखो वेळा पडूनही स्टील थकत नाही. ॲल्युमिनियमला असा उंबरठा नाही; छोट्यातला छोटा झटकाही कुठेतरी जमा होत राहतो. म्हणूनच ॲल्युमिनियमची फ्रेम बांधणारे सांध्यापाशी भरपूर धातू ठेवतात, म्हणजे झटके जमा व्हायला वर्षानुवर्षं लागतात.

यावरून "स्टील अमर असतं" असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. तो चुकीचा आहे. केस झालं की भार उंबरठ्याच्या वर जातो. वेल्डिंगच्या कडेला तो उंबरठाच खाली आलेला असतो, आणि गंज धरला की आणखी खाली.

वेल्डिंगचं गणितही दोघांचं वेगळं. आपल्याकडे लोहार विळ्याला पाणी देतो, म्हणजे तापवून पाण्यात बुडवतो आणि पातं कडक करतो. 6061 नावाच्या ॲल्युमिनियमचीही तापवण्या-विझवण्याची एक प्रक्रिया असते, पण पाण्यात बुडवल्याबरोबर ते कडक होत नाही. सुमारे 530 अंशांपर्यंत तापवून विझवायचं, आणि मग 170 अंशांच्या आसपास कित्येक तास भट्टीत मुरू द्यायचं. ताकद त्या मुरण्यातून येते. नावापुढचं टी6 म्हणजे हीच प्रक्रिया. या नळीला वेल्डिंग केलं की सांध्याच्या आजूबाजूची जवळजवळ निम्मी ताकद निघून जाते, म्हणून चांगला कारखाना फ्रेम जोडून झाल्यावर अख्खी फ्रेम पुन्हा भट्टीतून काढतो. 7005 नावाच्या जस्त असलेल्या ॲल्युमिनियमला पुन्हा विझवावं लागत नाही, भट्टीत मुरवलं की पुरतं.

आणि म्हणूनच तडकलेली ॲल्युमिनियमची फ्रेम कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून जोडून घेता येत नाही. तो डाग सुबक देईल, पण भट्टी कुठून आणणार?

मी पुण्यात वाढले. बाबांच्या बावीस इंची सायकलची फ्रेम सीटखाली तुटली तेव्हा ती गॅसवर पितळेचा डाग देऊन दुपारपर्यंत परत आली, आणि पुढे दहा वर्षं चालली. स्टीलवरचा आपल्या लोकांचा विश्वास तिथून येतो आणि तो खोटा नाही. क्रोमोलीची फ्रेमही जाणकाराकडून जोडून घेता येते. मात्र तिच्या नळीची भिंत मिलिमीटरभर, कधी त्याहून कमी जाडीची असते. भारतात हे वाचत असाल तर आर्गन वेल्डिंग करणारा पातळ नळीवर हात बसलेला आहे का, हे आधी विचारा. ग्रिल आणि गेट करणाऱ्याकडे नेऊ नका.

चौथी पायरी: स्टिकर वाचायला शिका

जुनी सायकल बघायला जाताना फ्रीजवरचा लोहचुंबक खिशात टाका. रंगामुळे धातू कळत नाही आणि विकणाऱ्यालाही बरेचदा माहीत नसतं. चुंबक चिकटला तर स्टील. घसरून पडला तर ॲल्युमिनियम.

स्टील निघालं तर पुढचा प्रश्न: कुठलं स्टील? "4130" किंवा "क्रोमोली" असं लिहिलेलं हवं. 41 हे क्रोमियम-मॉलिब्डेनम घराण्याचं नाव, 30 म्हणजे सुमारे 0.30 टक्के कार्बन. "हाय-टेन" लिहिलं असेल तर ते स्वस्त आणि कमी ताकदीचं स्टील. त्यात ताकद आणायला नळ्या जाड कराव्या लागतात आणि सायकल धोंड्यासारखी होते. काही स्वस्त फ्रेममध्ये पुढचा त्रिकोण क्रोमोलीचा आणि मागचा हाय-टेनचा असतो. स्टिकरवर ठळक अक्षरांत क्रोमोली आणि बारीक अक्षरांत बाकीचं. मागचा भाग तर आपटणारा असतो, तिथेच कंजुषी केलेली फ्रेम मी घेणार नाही. "पूर्ण क्रोमोली" असेल तरच पुढे बोला.

आणखी एक गैरसमज. क्रोमियमचं नाव ऐकून क्रोमोलीला स्टेनलेस समजू नका. स्वयंपाकघरातल्या स्टेनलेसच्या डब्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. 4130 मध्ये फक्त एक टक्का. क्रोमोली गंजतं, छान गंजतं.

ओळखीसाठी काही नावं देते. स्टीलमध्ये ब्रिटनच्या डीएमआरच्या ट्रेलस्टार आणि सेक्ट, कॅनडाच्या क्रोमॅगची मंक. ॲल्युमिनियममध्ये सांताक्रूझची जॅकल, स्पेशलाइझ्डची पी.3, मरीनची अल्काट्राझ, अँडोराच्या कमान्सालची ॲब्सोल्युट, कॅन्यनची स्टिच्ड. यातल्या तीन कंपन्या आपल्या उत्तर कॅलिफोर्नियातल्याच, त्यामुळे जुन्या बाजारात त्या सायकली इथे पुष्कळ दिसतात.

पाचवी पायरी: नवी की जुनी, यावर धातू ठरवा

आजच्या नव्या, पूर्ण जोडलेल्या, परवडणाऱ्या डर्ट जंप सायकली बहुतांश ॲल्युमिनियमच्या असतात. स्टीलची हवी असेल तर बरेचदा नुसती फ्रेम घेऊन सायकल जोडावी लागते, आणि फोर्क, चाकं, हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) वेगवेगळं घेत गेलं की खर्च कुठल्या कुठे जातो. तेव्हा नवी सायकल घेणाऱ्या नवशिक्याने स्टीलच्या मागे धावून पैसे घालवू नयेत. नव्या ॲल्युमिनियम फ्रेमवर एकही झटका जमा झालेला नसतो, आणि वॉरंटी तुमच्या नावावर असते. बहुतेक कंपन्यांची फ्रेमची वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते, ती पावती जपून ठेवा.

जुनीचं गणित नेमकं उलटं. जुन्या ॲल्युमिनियम फ्रेमने किती झटके खाल्ले हे मोजायला कुठलंही मीटर नाही. आधीच्या मालकाने ती आठवड्यातून चार दिवस आपटली की दोन वर्षं गॅरेजमध्ये टांगून ठेवली, हे त्याच्या शब्दावरच घ्यावं लागतं. स्टीलचा पोचा दिसतो, वाक दिसतो, गंज दिसतो. तडा गेलाच तर तो बहुधा हळूहळू वाढतो आणि मोडण्याआधी फ्रेम वाकून, कुरकुरून इशारा देते. म्हणून जुन्यात माझी पसंती क्रोमोलीला.

"पण अव्वल खेळाडू तर ॲल्युमिनियमच वापरतात" हे खरं आहे. त्यांना फ्रेम विकत घ्यावी लागत नाही आणि ती कधी बदलायची हे बघायला मेकॅनिक असतो. तुमच्या घरी ते काम तुम्हालाच करायचं आहे.

उडी मारताना स्टील मऊ लागतं का, हा प्रश्नही येतोच. थोडा फरक आहे. सडपातळ नळ्यांची फ्रेम वळणात किंचित पीळ खाते, आणि काहींना ते फार आवडतं, मलाही आवडतं. पण उतरताना बसणारा दणका मुख्यतः टायर, फोर्क आणि तुमचे गुडघे झेलतात. मागच्या टायरची हवा 60 पीएसआयवरून 50 वर आणून बघा. धातू बदलून मिळणार नाही एवढा फरक त्या एका मिनिटात कळेल.

सहावी पायरी: सांधे बघणं

माझ्या लेकीची दुसरी सायकल जुनी, ॲल्युमिनियमची होती. एका कॉलेजच्या मुलाकडून घेतलेली, दिसायला झकास. चार महिन्यांनी उतरताना करकर आवाज येऊ लागला. मी हेडसेट खोलून ग्रीस लावलं. आवाज तसाच. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस जिथे फिरतो ती बेअरिंग, काढून पुन्हा बसवलं. दोन दिवस शांत, मग पुन्हा. तीन शनिवार असे गेले, आणि ती तिन्ही शनिवारी त्याच सायकलवर उडत होती. चौथ्या शनिवारी घरी आल्यावर म्हणाली, "आई, आवाज पुढून येतोय, हाताला कळतो." सायकल उलटी केली, डाउन ट्यूबच्या (पुढून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) खालचा चिखल ओल्या फडक्याने पुसला, मग अल्कोहोलने पुसला आणि टॉर्च आडवा धरला. हेड ट्यूबखाली, म्हणजे फोर्क ज्यात बसतो त्या पुढच्या आखूड नळीखाली, जिथे आधाराची पट्टी वेल्ड केलेली असते, ती पट्टी जिथे संपते, तिथे केसाएवढी काळी रेघ. पुसली तरी तशीच. अंगठ्याचं नख वरून फिरवलं, ते अडकलं. दोन सेंटिमीटरचा तडा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून कुठलीही जुनी सायकल मी पुढच्या क्रमानेच बघते.

सोबत घ्या: सुती फडकं, औषधाच्या दुकानातलं रबिंग अल्कोहोल, जुना टूथब्रश, टॉर्च, ॲलन की, चार मीटर दोरी. आधी पुसा, मग बघा. चिखलाखाली काहीही लपतं. विकणारा पुसू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

टॉर्च समोरून मारू नका, नळीला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे बारीक खाचेचीही सावली पडते. सुरुवात हेड ट्यूबमागे डाउन ट्यूबच्या खालून करा. सगळ्यात जास्त ताण तिथे. वेल्डच्या मण्यावर (उंचवट्यावर) नाही, मण्याच्या कडेला बघा, आणि आधाराच्या पट्ट्या जिथे संपतात तिथे. मग टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) आणि सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) मिळतात ती जागा, आणि सीट ट्यूबच्या वरच्या टोकाची चीर, जी क्लॅम्प आवळायला ठेवलेली असते. तिच्या तळाशी तडे सुरू होतात. मग बॉटम ब्रॅकेटच्या मागे दोन्ही चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या), टायरच्या बाजूनेसुद्धा. शेवटी मागच्या ड्रॉपआउटचे, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या खाचांचे, सांधे.

रेघ दिसली तर ती रंगाची आहे की धातूची? नख फिरवा. रंगाची भेग बरेचदा जाळीसारखी, फाटे फुटलेली असते. धातूचा तडा वेल्डच्या कडेकडेने एका दिशेला जातो, आणि ॲल्युमिनियममध्ये त्यातून काळपट राखाडी भुकटी येत राहते: पुसली, दोन उड्या मारल्या, की पुन्हा हजर. स्टीलमध्ये त्या रेघेला तांबूस गंजाची किनार दिसते. शंका राहिली तर ती फ्रेम घेऊ नका. तडा असलेल्या फ्रेमची किंमत शून्य धरा. फोर्क, चाकं, क्रँक यांचे पैसे द्यायला हरकत नाही.

स्टीलच्या फ्रेमचं आणखी एक काम: सीटपोस्ट (सीटची दांडी) बाहेर काढा आणि सायकल उलटी धरा. सांताक्रूझला समुद्राजवळ राहणाऱ्या एका मैत्रिणीची क्रोमोली सायकल आम्ही अशी उलटी केली, तेव्हा वाटीभर तपकिरी पाणी आणि गंजाचे पापुद्रे बाहेर पडले. वरचा रंग आरशासारखा होता. गंज आतून, बॉटम ब्रॅकेटच्या आसपास साचलेल्या पाण्यातून खात येतो. टॉर्चने नळीत डोकावा. तांबूस झाक चालेल, पापुद्रे चालणार नाहीत. सीटपोस्ट हलतच नसेल तर ती जाम झाली आहे, आणि ती काढण्यात तुमचे दोन रविवार जातील. भाव त्याप्रमाणे करा.

ॲल्युमिनियममध्ये ड्रॉपआउट विशेष बघा. एकच गिअर असल्याने चेन ताणायला चाक मागे-पुढे सरकवतात, त्यासाठी आडवी खाच असते. आपटून आपटून आणि नट आवळून आवळून ॲल्युमिनियमची खाच कुरतडली जाते, मग चाक वाकडं होतं आणि चेन सैल पडते. खाचेत स्टीलची पट्टी असेल किंवा ड्रॉपआउट बदलता येत असेल तर उत्तम.

दोरीचं काम शेवटी. मागचं चाक काढा, दोरी एका ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा, आणि दोन्ही बाजूंनी सीट ट्यूबपर्यंतचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. जास्त असेल तर मागचा भाग वाकलेला आहे. स्टील जाणकार सरळ करून देतो. ॲल्युमिनियम सरळ करायला गेलात तर तडकतं.

सातवी पायरी: मापं जुळतात का?

हे पटकन आटोपते. जुनी फ्रेम घेताना हेड ट्यूब सरळ आहे की खाली रुंद होत जाणारी, ते बघा. सरळ हेड ट्यूबमध्ये आजचे निमुळत्या दांड्याचे बरेच फोर्क बसत नाहीत. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा आहे की बीएमएक्ससारखा दाबून बसवायचा, मागच्या चाकाचा हब किती रुंद, डिस्क ब्रेकची जागा आहे का, एवढं लिहून आणा आणि दुकानात विचारून मगच पैसे द्या. आणि स्वतः तिच्यावर उभे राहून बघा. मापात न बसणारी फ्रेम कुठल्याही धातूची असली तरी नकोच.

घरी आणल्यावर

स्टीलची असेल तर पहिल्याच दिवशी, सायकल जोडण्याआधी, नळ्यांच्या आत उकळलेलं जवसाचं तेल सोडा, फ्रेम चहूबाजूंनी फिरवा, जादा तेल ओघळू द्या आणि दोन दिवस वाळू द्या. आतून पातळ थर बसतो. रंगाच्या दुकानात मिळतं ते तेल घ्या, खायचं नाही. आणि तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात, पाण्यात बुडवून मग टाका. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर हे काम दर पावसाळ्याच्या तोंडावर करा. तिथल्या हवेत स्टीलची एवढी उठाठेव होणार नसेल तर ॲल्युमिनियमच बरं.

सीटपोस्टला दोन्ही प्रकारांत ग्रीस लावा. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची सीटपोस्ट ओलाव्याने अक्षरशः चिकटून बसते. मैदानापर्यंत बसून जायला सीट वर काढत असाल तर खुणेच्या रेषेपलीकडे काढू नका आणि पोहोचल्यावर आधी खाली करा. उंच सीटपोस्टवर दणका बसला की ती तरफेसारखी फ्रेमचा वरचा सांधा उचकटते.

महिन्यातून एकदा सगळे सांधे पुसून टॉर्चने बघा, दहा मिनिटं लागतात. मोठं पडणं झालं तर त्याच दिवशी. नवा आवाज आला तर उड्या थांबवा आणि आवाजाचं कारण सापडेपर्यंत मुलाला दुसऱ्याची सायकल मागून द्या. आम्ही तीन शनिवार थांबलो नव्हतो, म्हणून हे इतक्या आग्रहाने सांगते आहे.

ती तडकलेली फ्रेम मी टाकलेली नाही. शनिवारी ती माझ्या गाडीच्या डिकीत असते, तड्यावर मुद्दाम चिखल लावलेली. कॅलाबाझासला आलात आणि सायकल घ्यायचा विचार असेल तर मागून घ्या. फडकं आणि टॉर्चही देईन. तडा शोधायला माझ्या लेकीला आता अर्धं मिनिट लागतं.